नदीकाठ मोकळा करायचा, पण कोणापासून? पुराचा अभ्यास आणि न्यायाचा प्रश्न

प्रश्न: करंज, नाशिक

नमस्कार. वनस्पतीशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण संपवून गेली दोन वर्षे मी नासर्डीच्या, म्हणजे कागदोपत्री नंदिनी नदीच्या, काठावरील वनस्पतींचा अभ्यास करीत आहे. सातपूरच्या बाजूपासून आगर टाकळीला ती गोदावरीस मिळते तिथपर्यंत ठिकठिकाणी दहा मीटर लांबी-रुंदीचे चौकोन आखायचे, त्यांतील झाडेझुडपे मोजायची आणि पुरानंतर पुन्हा तेच चौकोन गाठून काय टिकले व काय वाहून गेले ते पाहायचे, असे कामाचे स्वरूप आहे. करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज अशी माती धरून ठेवणारी झाडे जिथे शिल्लक आहेत तिथे काठ कमी खचतो आणि जिथे भराव किंवा काँक्रीटची भिंत आहे तिथे तिच्या खालच्या अंगाला पाणी काठ अधिक जोराने खाते, असे माझ्या नोंदींत दिसते. काठ मोकळा ठेवावा, नदीला पसरायला जागा द्यावी, अशी शिफारस अहवालात येणार हे त्यामुळे उघड आहे.

अडचण तिथूनच सुरू होते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडी एका वस्तीलगत चौकोन आखण्यासाठी आम्ही सुतळी बांधली आणि कोपऱ्यांवर चुन्याच्या खुणा केल्या. दहा मिनिटांत पंधरा-वीस बायका जमल्या. त्यांतल्या एका मावशींनी शांतपणे विचारले, "ही दोरी कशाची?" पूर्वी कधीतरी असाच चुना पडला होता आणि पाठोपाठ घरे रिकामी करण्याच्या नोटिसा आल्या होत्या, हे मला नंतर कळले. आम्ही फक्त झाडे मोजतो, असे मी त्यांना सांगितले. ते खोटे नव्हते, परंतु पुरते खरेही नव्हते. मावशींनी चहासाठी घरात बोलावले तेव्हा पत्र्याखालच्या लोखंडी पाइपाला टांगलेली एक जाड प्लास्टिकची पिशवी दिसली. तिच्यात रेशनकार्ड, सर्वांची आधारकार्डे, विजेची जुनी बिले आणि मुलीची दहावीची गुणपत्रिका होती. पावसाळ्याचे चार महिने ती पिशवी खाली उतरत नाही. भिंतीवर माझ्या छातीइतक्या उंचीवर जुन्या पाण्याची रेघ होती, आणि चुन्याचे दोन हात देऊनही ती पुन्हा वर येते, असे त्या म्हणाल्या.

माझ्या मार्गदर्शकांचे मत असे की हा समाजशास्त्राचा विषय आहे आणि आपण आपल्या विदेपाशी, म्हणजे जमवलेल्या आकडेवारीपाशी, थांबावे. मला ते पटत नाही, पण पर्याय काय हेही नीट उमगत नाही. पूर, दरड, गारपीट अशा टोकाच्या आपत्तींच्या अभ्यासात सामाजिक न्यायाचा प्रश्न आमच्यासारख्यांनी नेमका कोणत्या टप्प्यावर हाताळावा? अहवालाच्या शेवटी सहानुभूतीची दोन वाक्ये लिहून तो सुटत नाही, एवढे मात्र कळते. जाणकारांनी कृपया अनुभवावर आधारित उत्तरे द्यावीत.

उत्तर १: निवृत्त उपअभियंता

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण नोकरीच्या पूर्ण काळात मी पुराच्या रेषा पाहिल्या, पण त्या रेषेच्या आत राहणाऱ्या माणसाचा विचार निवृत्तीनंतर सुरू केला. निळी पूररेषा सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या पातळीवरून ठरते आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या पातळीवरून. ही गणिताची गोष्ट आहे. त्या रेषेच्या आतील कोणते बांधकाम आधी डोळ्यांत भरते, ही मात्र गणिताची गोष्ट राहत नाही.

आधी पूर्वसूचनेविषयी लिहितो, कारण माझ्या मते अन्यायाची सुरुवात तिथे होते. गोदावरीचा पूर नाशिककर नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात: पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले. नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागल्याची गोष्ट तर प्रत्येक घरात सांगितली जाते. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर पाहिलेला सराफ बाजारातील किंवा भांडी बाजारातील दुकानदार गंगापूर धरणाचा विसर्ग किती क्युसेकने वाढवला ते मोबाइलवर वाचतो आणि माल माळ्यावर चढवतो. त्याचेही नुकसान होते, ते मी कमी लेखत नाही. पण सोडलेले पाणी रामकुंडापर्यंत येईतो त्याला हालचालीला वेळ मिळतो. नासर्डीवर असे मोठे धरणच नाही, त्यामुळे विसर्गाचा आकडा नाही आणि भोंगाही नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती, छपरे, डांबरी रस्ते आणि फरशी घातलेली अंगणे यांवर पडलेला पाऊस जमिनीत न मुरता थेट नाल्यात उतरतो आणि पाणी बघता बघता चढते. शहराची पूर-यंत्रणा धरणाकडे तोंड करून उभी आहे आणि नासर्डी-वाघाडीकाठची वस्ती तिच्या पाठीमागे राहते. पाणलोटातील किती जमीन आता पाणी मुरवत नाही, हे सांगणे आपल्याच शास्त्राच्या कक्षेत येते. ते सांगितल्यावर पाऊस पडत असतानाच वस्तीला सूचना मिळण्याची स्वतंत्र व्यवस्था हवी, असा निष्कर्ष आपोआप निघतो.

दुसरे असे की रेषेच्या आतील केवळ घरे मोजू नका, सगळेच मोजा. संरक्षक भिंती, भराव, लग्नाची लॉन्स, वाहनतळ, नदीपात्रात उतरलेले रस्ते, पुलांचे आखूड गाळे आणि सार्वजनिक पैशातून झालेली सुशोभीकरणेही त्यात येऊ द्या. आणि त्यांची नुसती संख्या देऊ नका. प्रत्येकाने पाण्याचा मार्ग किती अडवला ते द्या. संख्येच्या यादीत शंभर झोपड्या वर येतात आणि एक भराव तळाशी जातो. पत्र्याचे घर पुरात मोडते, भराव मोडत नाही. एका काठावर पाच-सहा फूट मुरूम टाकला की समोरच्या काठावर पाणी चढते, हे पाण्याचे काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. कोणाच्या भरावामुळे कोणाच्या घरात पाणी शिरले याचा नकाशा मी सेवेत असताना कधी पाहिला नाही. तो आपण करावा.

उत्तर २: संख्याशास्त्राचा शिक्षक

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. मार्गदर्शकांचे म्हणणे इतके टाकाऊ नाही. अभ्यासकाने आधीच बाजू ठरवली आहे असा वास आला की त्याची विदा कोणीही झटकून टाकते, आणि मग त्याच वस्तीच्या हाती काहीच उरत नाही. न्यायाची चाड असेल तर मोजणी अधिक काटेकोर हवी.

ओडिशाचे उदाहरण घ्यावे. १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्यातील शेकडो गावांची तुलना करून सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये खारफुटीचा पट्टा अधिक रुंद होता, तिथे मृत्यू कमी झाले. त्याच अभ्यासात त्यांनी हेही नोंदवले की सरकारने वेळेवर दिलेल्या इशाऱ्यामुळे वाचलेले प्राण खारफुटीमुळे वाचलेल्या प्राणांहून अधिक होते. खारफुटीच्या बाजूने बोलणाऱ्याला हे दुसरे वाक्य गिळून टाकणे सोपे गेले असते. ते छापले गेले म्हणून पहिल्या वाक्याला वजन आले. आपल्या नोंदींतही झाडांनी काठ वाचवला पण घर वाचवले नाही, असे कुठे आढळले तर ते तसेच लिहावे.

उलट उदाहरण २००४ च्या त्सुनामीनंतरचे. हरित कवच म्हणून तामिळनाडूच्या किनाऱ्यावर सुरूची झाडे मोठ्या प्रमाणावर लावली गेली. वाळूच्या टेकड्या आणि कासवांची अंडी घालण्याची जागा त्यात गेली, आणि कोळ्यांच्या होड्या ओढण्याचा व जाळी वाळवण्याचा किनाराही आक्रसला. आपत्तीच्या नावाने झाड लावले तरी ते कोणाच्या जागेत लावले हे विचारावेच लागते, एवढे मला मान्य आहे. करंज आणि उंबर याला अपवाद नाहीत.

आणखी एक मुद्दा मृतांच्या मोजणीचा. पोर्तो रिको बेटावर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने गेलेल्यांचा अधिकृत आकडा बराच काळ ६४ होता; पुढच्या वर्षी स्वतंत्र अभ्यासानंतर सरकारने तो २,९७५ केला. वीज नाही, औषध नाही, डायलिसिस नाही, म्हणून पुढच्या महिन्यांत गेलेली माणसे आधीच्या आकड्यात नव्हती. आपण पुरानंतर झाडांची पाहणी किती दिवसांनी करता? माणसांच्या बाबतीतही तोच प्रश्न विचारून पाहावा. पाणी ओसरल्यानंतरच्या महिन्यात तापाने अंथरूण धरलेले मूल पुराच्या कोणत्याही तक्त्यात येत नाही.

उत्तर ३: पेठ रस्ता

करंजताई, मी पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील पाड्यांवर वनहक्काच्या दाव्यांचे काम करते, त्यामुळे थोडे शहराबाहेरचे सांगते.

काही वर्षांपूर्वी अंजनेरीवर दुर्मीळ कंदीलपुष्पाची मोजणी चालली होती तेव्हा स्वयंसेवक म्हणून मीही गेले होते. प्रत्येक रोपाला क्रमांक, अक्षांश-रेखांश, शेजारी कोणते गवत, उतार किती अंशांचा, सारे टिपले गेले. काम उत्तम होते आणि ते व्हायलाच हवे. मात्र उतरताना माझ्या मनात आले की याच डोंगररांगेच्या पोटाशी असलेल्या पाड्यांतील घरे किती अंशांच्या उतारावर आहेत, ही नोंद आमच्यापैकी एकाही वहीत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर समाजाची ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनानेच नंतर सांगितले. त्याआधी नऊ वर्षे, जुलै २०१४ मध्ये, माळीण गाडले गेल्याची बातमी बाहेर आणली ती एस.टी.च्या चालकाने. ज्या वाडीला रस्ताच नाही, तिची बातमी कोण आणणार?

डोंगरात सतत फिरणारी माणसे कोण, तर गुरे राखणारे, रानभाज्या आणि मध गोळा करणारे, आणि त्यांच्यामागोमाग तुमच्यासारखे अभ्यासक. मुरमात पडलेली नवी भेग, एरवी नितळ असलेला झरा एकाएकी गढूळ होणे, एका रांगेतील जुनी झाडे उताराकडे कलणे, ही लक्षणे पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतात. त्यांच्या सांगण्याला शासकीय कागदावर जागा नसते, तुमच्या नोंदीला असते. ती नोंद त्यांच्या नावासह करा, त्यांच्यासमोर मराठीत वाचून दाखवा आणि ग्रामसभेच्या दप्तरी प्रत ठेवा. संशोधनपत्रिका नंतर.

गारपिटीचे वेगळेच. दिवाळीनंतर आमच्या पाड्यांतील निम्मी घरे कुलूपबंद होतात, कारण माणसे द्राक्षांच्या कामावर दिंडोरी-निफाडकडे गेलेली असतात. छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणे), थिनिंग (घडातील मणी विरळ करणे) ही कामे टोळीने घेतलेली असतात आणि बऱ्याचदा उचलही आधीच खर्च झालेली असते. गारा पडल्या की दुसऱ्या दिवशी तलाठी बांधावर येतो. पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक असले की शेतकरी मदतीला पात्र ठरतो. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती, तेव्हा ती खाली आली हे चांगलेच झाले. पण पंचनामा चालतो सातबाऱ्यावर. ज्या बाईचा पुढच्या वीस दिवसांचा रोज बुडाला तिचे नाव त्या उताऱ्यावर नाही, आणि बागायतदाराच्या बायकोचेही बहुधा नसते. हवामानबदलाने गारपीट वाढली का, यावर चर्चासत्रे होतात. टोळीचे किती दिवस बुडाले हे कोणी टिपत नाही. त्यातून एक फार साधी गोष्ट निघते: पाहणी कोणत्या महिन्यात करता, यावर तुम्हाला कोण भेटणार हे ठरते. जानेवारीत पाड्यावर गेलात तर म्हातारी माणसे आणि शेळ्या भेटतील.

एक कायद्याची गोष्ट, कारण ती फार कमी जणांना माहीत असते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ६१ नुसार मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येत नाही. कलम चांगले आहे. मात्र मदतीच्या निकषांत घर अधिकृत असण्याची अट आली की जातीचा उल्लेखही न करता तोच परिणाम साधतो.

जाता जाता आपल्याच माणसांविषयी एक तक्रार. २०२५ च्या अखेरीस तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावाविरुद्ध शेकडो नाशिककर उभे राहिले, त्यांत मीही होते आणि पुन्हा असेन. नाल्याकाठची घरे हटवली जातात तेव्हा त्या गर्दीतले चेहरे शोधावे लागतात.

उत्तर ४: चांदोरीकर

वरील चर्चा शहर आणि डोंगराभोवती फिरते आहे, म्हणून निफाड तालुक्याच्या खालच्या अंगाचे लिहितो. गोदावरीला पूर आला की चांदोरी आणि सायखेडा येथे पाणी शिरते, २०१६ आणि २०१९ मध्ये तर ते सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. आमच्या खाली नांदूर मध्यमेश्वरचा ब्रिटिशकाळातला बंधारा आहे. गोदावरी, दारणा, कादवा यांचे पाणी तिकडे येते आणि त्याबरोबर गाळ येतो. शंभर वर्षांत तो इतका साचला की पाणी फुगून मागे आमच्या शिवारात सरकते, असे गावात कोणालाही विचारले तरी तो सांगेल. त्याच गाळावर पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले, अभयारण्य झाले, आणि २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झाले. मला त्याचा अभिमान आहे. फ्लेमिंगो उतरले की मी मुलांना घेऊन पाहायला जातो.

पण गाळ काढा असे गावाने म्हटले की पक्षिमित्र म्हणतात अधिवास जाईल, आणि पक्षी वाचवा असे त्यांनी म्हटले की गाव म्हणते आम्ही बुडू. दोघांनी एका टेबलावर बसून कोणत्या भागातील, किती खोलीचा आणि कोणत्या महिन्यात गाळ काढला तर पक्ष्यांचे कमीत कमी बिघडेल व पुराचे पाणी किती इंचांनी उतरेल, असा हिशेब मांडलेला मी तरी पाहिला नाही. कदाचित गाळ काढूनही पाणी फारसे उतरणार नाही. तसे असेल तर तेही आम्हाला तोंडावर सांगा. पंचवीस वर्षे चुकीच्या आशेवर मागणी करीत राहण्यापेक्षा ते बरे. हे काम परिसंस्था जाणणाऱ्या माणसाशिवाय होणार नाही, आणि तो माणूस हिवाळ्यात दुर्बीण घेऊन येतो तसा ऑगस्टमध्ये पट्टी घेऊनही आला पाहिजे.

काढलेला गाळ कोणाच्या शेतात जातो तेही पाहावे. २०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आहे. सुरुवातीला वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याने करायचा होता, म्हणजे ज्याचा ट्रॅक्टर त्याची माती. अल्पभूधारकांना अनुदान मिळू लागले ते नंतर. पूर मात्र ट्रॅक्टर आहे की नाही हे पाहून येत नाही, आणि नदीच्या अगदी काठचे वावर बहुधा लहान शेतकऱ्याचेच असते.

करंज

सर्वांचे आभार. शिक्षक सरांनी विरोधी सूर लावला हे फार उपयोगी पडले, कारण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याच वहीत सापडले. चौदा चौकोनांपैकी तीन ठिकाणी झाडी दाट होती, काठ शाबूत होता, आणि तरीही मागच्या घरांत पाणी शिरले, कारण ते नदीतून न येता मागच्या रस्त्याच्या तुंबलेल्या गटारातून आले. या तीन नोंदी मी अपवाद म्हणून तळटीपेत टाकल्या होत्या. त्या आता मुख्य मजकुरात घेत आहे.

उपअभियंता सरांनी सांगितल्याप्रमाणे रेषेच्या आतील भराव आणि भिंती यांची यादी सुरू केली आहे. लॉन्सच्या फाटकाशी सुतळी बांधायला गेले तेव्हा मला आत सोडले नाही. वस्तीत मला कोणी अडवले नव्हते, फक्त विचारले होते. म्हणजे आजवर माझे सारे चौकोन जिथे मला कोणी अडवू शकत नव्हते तिथेच पडत गेले, आणि माझी विदा मुळातच त्या बाजूला कललेली होती. हे संख्याशास्त्रात कसे हाताळायचे ते सरांनी सांगावे.

एक गोष्ट अजून ठरत नाही. घरनिहाय पाण्याची उंची दाखवणारा नकाशा केला तर मदत मागायला तो वस्तीच्या हाती पुरावा होईल, आणि तोच नकाशा घरे हटवायलाही वापरता येईल. मावशींना मी हे जसेच्या तसे सांगितले. त्या म्हणाल्या, "आधी आम्हाला दाखव, मग ठरवू." पुढच्या रविवारी त्यांच्याकडे बसायचे ठरले आहे. भिंतींवरच्या रेघा मी टेपने मोजल्या आहेत, पण घराच्या जोत्याची उंची प्रत्येक ठिकाणी वेगळी असल्याने त्या एकमेकींशी जुळवता येत नाहीत.

निवृत्त उपअभियंता

टेपने ते जमणार नाही, एका ठरावीक पातळीवरून सर्व रेघा घ्याव्या लागतील. माझ्याकडे जुनी डंपी लेव्हल (पातळी घेण्याची दुर्बीण) आणि स्टाफ (उंचीचे आकडे असलेली उभी पट्टी) आहे, दोन्ही चालू स्थितीत. स्टाफ धरायला वस्तीतील एक-दोन मुले घ्या, म्हणजे उंची त्यांनाही वाचता येईल. चुना आणू नका, खुणा खडूने करू. रविवारी किती वाजता यायचे ते मावशींना विचारून कळवा.